गाणे आपले, कागदही आपलाच हवा!

शिकागोच्या गरीब वस्तीतील गायक-कवी कर्टिस मेफिल्ड यांची जीवनकहाणी

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून पेट्या आणि ढोलक्या बाहेर निघतात. विहाराच्या ओट्यावर रात्री उशिरापर्यंत तालीम चालते. गायन पार्टीतील कोणी मिलमधून निवृत्त झालेला, कोणी महापालिकेत झाडूकाम करणारा, तर कोणी रिक्षा चालवणारा. दिवसभर घाम गाळायचा आणि रात्री भीमबुद्धगीते गायची, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. बाबासाहेबांच्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे गावोगाव नेले, पुढे वामनदादा कर्डकांनी आपल्या शब्दांनी खेडीपाडी जागी केली. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही बाबासाहेबांचा विचार गाण्यातून कळला. हे ऋण मोठे आहे.

पण ज्यांनी हे गाणे रचले त्यांच्या घरात काय आले, असा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

आमच्या माहितीतील एक गायक होते. कॅसेटच्या जमान्यात त्यांची गाणी दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर ठेल्याठेल्यांवर वाजत. कॅसेटवर त्यांचा फोटो असे. पुढे दम्याने त्यांचे गाणे बंद पडले. एके दिवशी त्यांच्या पत्नी मदतीचा अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे आल्या. आमचा पेशा कारकुनीचा, त्यामुळे अर्ज लिहिण्यापूर्वी कागद मागण्याची आम्हाला सवय. विचारले, "वहिनी, कॅसेटवाल्याशी करार झाला होता, तो कुठे आहे?" करार नव्हताच. एकरकमी थोडे पैसे हातावर ठेवून एका कागदावर सही घेतली होती. त्याची प्रत घरी नव्हती. कॅसेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत पाहिले, तर गीतकार म्हणून भलत्याच माणसाचे नाव! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाणं तर ह्यांचंच आहे ना? मग पैसा दुसऱ्याचा कसा?"

ह्या प्रश्नाने आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. तेव्हा आम्हाला सातासमुद्रापलीकडच्या एका कलावंताची आठवण झाली. तोही गरिबाघरचा, तोही वर्णाने हिणवल्या गेलेल्या समाजाचा. त्याने मात्र विशीच्या उंबरठ्यावरच हा प्रश्न ओळखला होता. त्याचे नाव कर्टिस मेफिल्ड.

आजीचे चर्च, आईच्या कविता

कर्टिस यांचा जन्म ३ जून १९४२ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांवर होणारे जुलूम आणि तेथील उपासमार ह्यांना कंटाळून लाखो कुटुंबे शिकागोसारख्या उत्तरेकडील शहरांत आली होती. कोणी कत्तलखान्यात राबले, कोणी पोलादाच्या कारखान्यात. आपले वाडवडील कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत आले, तसेच हे.

कर्टिस लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मॅरियन हिने मुलांना वाढवले. घरभाड्याच्या ओढाताणीत जागा बदलत बदलत हे कुटुंब शेवटी कॅब्रिनी-ग्रीन ह्या सरकारी वसाहतीत राहायला आले. ही वसाहत पुढे गरिबी आणि गुन्हेगारीसाठी बदनाम झाली. तिच्यातील उंच इमारतींपैकी शेवटची इमारत २०११ साली पाडण्यात आली. पण बदनाम वस्तीतून काय निघू शकते, हे ह्या मुलाने जगाला दाखवले.

आईला वाचनाचा नाद होता. पॉल लॉरेन्स डनबार ह्या काळ्या कवीच्या कविता ती मुलांना वाचून दाखवी. आजी एका लहानशा चर्चमध्ये धर्मोपदेशक होती. तेथेच कर्टिस गाऊ लागला. त्याची श्रद्धा चर्चची, आपली वाट तथागतांची. परंतु सामुदायिक गायनातून माणूस कसा घडतो हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

गिटार त्याला कोणी शिकवली नाही. घरी पियानोवर तो काळ्या पट्ट्या वाजवी. आपल्या पेटीवर असतात तशाच त्या. हाती गिटार आली तेव्हा त्याने तिच्या तारा त्या काळ्या पट्ट्यांच्या सुरांत लावल्या. सगळे जग वेगळ्या पद्धतीने तारा लावते, हे त्याला पुढे कळले. तरी त्याने आपली पद्धत आयुष्यभर बदलली नाही. त्यामुळे त्याच्या गिटारचा नाद वेगळा उमटे आणि इतरांना त्याची नक्कल करणे अवघड जाई.

पार्टी कशामुळे फुटली?

आजीच्या चर्चमध्ये त्याला जेरी बटलर नावाचा मित्र भेटला. टेनेसी राज्यातून आलेले सॅम गुडेन आणि आर्थर व रिचर्ड हे ब्रूक्स बंधू यांच्याबरोबर दोघांनी पार्टी उभी केली. तिचे नाव पुढे 'द इम्प्रेशन्स' असे पडले. १९५८ साली त्यांची 'फॉर युअर प्रेशस लव्ह' ही रेकॉर्ड निघाली आणि गाजली. कर्टिस तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता.

पण रेकॉर्ड हातात आली तर तिच्यावर छापले होते, 'जेरी बटलर आणि इम्प्रेशन्स'. पाच जणांची मेहनत, आणि कंपनीने एकाचेच नाव पुढे काढले! पार्टीत कुरबुर सुरू झाली आणि थोड्याच काळात बटलर बाहेर पडले. आपल्या किती गायन पार्ट्या अशाच फुटल्या आहेत! पोस्टरवर कोणाचे नाव मोठे आणि कोणाचे बारीक, एवढ्यावरून दहा-दहा वर्षांची मैत्री तुटलेली आम्ही पाहिली आहे. फायदा मात्र तिसऱ्याचाच होतो.

पुढचे कर्टिस यांचे वागणे आम्हाला फार शहाणपणाचे वाटते. त्यांनी बटलर यांच्याशी वैर धरले नाही. उलट त्यांच्याच दौऱ्यांत गिटार वाजवली, त्यांच्यासाठी गाणी रचली आणि मिळालेल्या मिळकतीतून पैसा बाजूला टाकला. त्या शिलकीवर त्यांनी इम्प्रेशन्स पुन्हा उभी केली. १९६१ साली 'जिप्सी वूमन' हे त्यांचे गाणे गाजले. पुढे ब्रूक्स बंधूही गेले आणि कर्टिस, सॅम गुडेन व फ्रेड कॅश असे तिघेच उरले. तीन आवाज एकमेकांत मिसळून गाण्याची त्यांची ढब जगप्रसिद्ध झाली. आणि जेरी बटलर? ते गायक म्हणून मोठे झालेच, शिवाय पुढे अनेक वर्षे शिकागोच्या कूक काउंटीचे निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते. वाटा वेगळ्या झाल्या म्हणून माणसे शत्रू होत नाहीत.

हक्काचा कागद

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या काळी अमेरिकेत काळ्या कलावंतांची लूट कशी होई ते समजून घेतले पाहिजे. गाण्याचा पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट रेकॉर्डच्या विक्रीची. दुसरी वाट खुद्द गाण्याची, म्हणजे शब्द आणि चाल यांची. कोणीही ते गाणे पुन्हा गायले, रेडिओवर वाजवले, सिनेमात घेतले, की त्याचा मोबदला निघतो. तेथील रिवाजाप्रमाणे ह्या दुसऱ्या मोबदल्यात अर्धा वाटा गीतकाराचा आणि अर्धा प्रकाशकाचा असे. कंपन्या काय करीत? गरजू कलावंताला थोडे रोख पैसे देत आणि प्रकाशनाचा हक्क आपल्याकडे लिहून घेत. कधी तर गाण्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाचे नाव गीतकार म्हणून घुसडत. अनेक नामवंत गायक म्हातारपणी ह्यामुळे दारिद्र्यात मेले.

कर्टिस यांचे शाळेचे शिक्षण अर्धवटच राहिलेले. पण विशीच्या आसपास त्यांनी आपले व्यवस्थापक एडी थॉमस यांच्याबरोबर स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. कर्टिसमधले 'कर्ट' आणि थॉमसमधले 'टॉम' घेऊन तिचे नाव ठेवले 'कर्टॉम'. आपली गाणी ते आपल्याच कंपनीच्या नावे नोंदवू लागले. म्हणजे गीतकाराचा वाटाही घरात आणि प्रकाशकाचाही घरात! १९६८ साली कर्टॉम नावाचीच रेकॉर्ड कंपनीही निघाली. सरकारी वसाहतीत वाढलेला काळा तरुण स्वतःच्या गाण्यांचा मालक झाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपण जितके आपल्या मालकीचे राहू तितके राहावे, असा त्यांचा सांगण्याचा रोख असे.

एक गमतीचा योगायोग सांगण्यासारखा आहे. कर्टॉमच्या रेकॉर्ड सुरुवातीला बाजारात पोचवणाऱ्या न्यूयॉर्कच्या कंपनीचे नाव होते 'बुद्धा रेकॉर्ड्स'. तिचा धम्माशी काही संबंध नव्हता. त्या दिवसांतली ती फॅशन होती, एवढेच!

चळवळीचा आवाज

ह्याच वर्षांत अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ पेटली होती. ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या साथीने लाखो लोक वॉशिंग्टनला गेले. पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅम येथे चर्चवर बॉम्ब टाकून चार काळ्या मुलींचा जीव घेण्यात आला. अशा दिवसांत कर्टिस यांनी 'कीप ऑन पुशिंग' (१९६४) आणि 'पीपल गेट रेडी' (१९६५) ही गाणी दिली. त्यात शिवीगाळ नाही, आरडाओरड नाही. खचू नका, तयारीने उभे राहा, असा धीर मात्र आहे. मोर्चातील माणसे ही गाणी गात चालत. १९६७ च्या अखेरीस 'वुई आर अ विनर' आले. काळा माणूस स्वतःला विजयी म्हणवतो, हे काहींना सोसले नाही. काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचे नाकारले. तरी ते लोकांच्या ओठांवर राहिलेच.

त्यांचा स्वर दूरवर पोचला. जमैका बेटावरील बॉब मार्ले तरुणपणी इम्प्रेशन्सच्या रेकॉर्ड ऐकत असत. १९७७ साली त्यांनी 'वन लव्ह' हे गाणे नव्याने काढले तेव्हा त्यात 'पीपल गेट रेडी'चा अंश असल्यामुळे गीतकार म्हणून मेफिल्ड यांचेही नाव छापले गेले. कागद पक्का असला की परदेशातही आपले नाव असे राहते.

एकट्याची वाट

१९७० साली कर्टिस इम्प्रेशन्समधून बाहेर पडले. त्यांच्या जागी लीरॉय हटसन हा गायक आला. येथे भांडणतंटा झाला नाही. इम्प्रेशन्सच्या रेकॉर्ड कर्टॉममधूनच निघत राहिल्या आणि कर्टिस त्यांना गाणीही देत राहिले. आता ते एकटे गाऊ लागले. त्यांचा आवाज बारीक, जवळजवळ कुजबुजल्यासारखा. पण शब्द निखाऱ्यासारखे. 'कर्टिस' नावाच्या पहिल्याच रेकॉर्डवर 'मूव्ह ऑन अप' हे सुमारे नऊ मिनिटांचे गाणे आहे.

१९७२ साली 'सुपर फ्लाय' हा सिनेमा आला. हार्लेममध्ये कोकेन विकणारा तरुण हा त्याचा नायक. संगीताचे काम कर्टिस यांच्याकडे आले. पडद्यावर त्या तरुणाची मोटार, कपडे, ऐट पाहून त्यांना वाटले, ही तर कोकेनची जाहिरातच झाली! ज्या वस्तीत ते वाढले, तेथील पोरे हे पाहून काय शिकतील? काम सोडून देणे सोपे होते. त्यांनी वेगळे केले. चित्र एक सांगत होते, त्यांनी गाण्यांतून दुसरे सांगितले. 'फ्रेडीज डेड' ह्या गाण्यात नशेच्या धंद्यात चिरडून मेलेल्या एका सामान्य माणसाची कथा आहे. सिनेमात त्याची नुसती धून वाजते. शब्द लोकांनी रेकॉर्डवर ऐकले. ती रेकॉर्ड दहा लाखांहून जास्त खपली आणि 'सुपर फ्लाय'ची गाणी अमेरिकेच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले, हे आपण जाणतोच. आणि त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. हे नाते जुने आहे.

कर्टिस यांचा सगळा काळ चढतीचाच होता असे मात्र नाही. संगीताची हवा बदलली, विक्री घसरली आणि १९८० च्या सुमारास शिकागोची कर्टॉम बंद पडली. ते अटलांटा शहराकडे राहायला गेले. माणूस म्हणूनही ते निर्दोष नव्हते. त्यांचा मुलगा टॉड याने २०१६ साली वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांचा हेकटपणा आणि जवळच्यांना झालेला त्रासही लपवलेला नाही. माणूस पुजू नये, त्याच्या कामातून घेण्यासारखे घ्यावे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

अंथरुणावरचे गाणे

१३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मैदानावर त्यांचा कार्यक्रम होता. ते मंचावर येत होते तोच जोराचा वारा सुटला आणि दिव्यांचा लोखंडी सांगाडा त्यांच्या अंगावर कोसळला. मानेखालचे सारे शरीर लुळे पडले. गिटार वाजवणारी बोटे कायमची थांबली. वय अवघे ४८.

पण गाणी थांबली नव्हती. नव्या पिढीचे गायक त्यांच्या जुन्या चालींचे तुकडे आपल्या रेकॉर्डमध्ये घेत होते. हातपाय चालत असताना जपून ठेवलेले हक्क कुटुंबाच्या उपयोगी पडले.

आणि त्यांनी पुन्हा गायचे ठरवले. बसून गाण्याइतका दम छातीत राहिला नव्हता. मग ते पाठीवर निजून गाऊ लागले. एक ओळ गायची, थांबायचे, श्वास जमवायचा, मग पुढची ओळ. अशा ओळी जोडून जोडून १९९६ साली 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ही रेकॉर्ड पुरी झाली. ऐकणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही की गाणारा माणूस बोटसुद्धा हलवू शकत नव्हता. पुढे मधुमेहाने त्यांचा एक पाय कापावा लागला. २६ डिसेंबर १९९९ रोजी ते गेले.

आपण काय घ्यायचे?

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की गाणे लिहिले त्या क्षणी ते लिहिणाऱ्याचे झाले. नोंदणी सक्तीची नाही, मात्र केली तर पुरावा भक्कम होतो. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातील किंवा ध्वनिमुद्रणातील गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला मोबदल्यातील आपला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. मुंबईत १९६९ पासून गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, तिचे सभासद होता येते.

म्हणून गायन पार्ट्यांना आमची विनंती आहे. प्रत्येक गाणे वहीत उतरवा. खाली तारीख टाका, गीतकाराची आणि चाल बांधणाऱ्याची सही घ्या. बिदागी कशी वाटायची ते आधी कागदावर ठरवा. पोस्टरवरची नावेही आधीच ठरवा. आज कॅसेट गेली, मोबाईल आला. पण न वाचता सही करण्याची सवय तीच आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते नुसते नोकरीसाठी नव्हे. आपल्यापुढे आलेला कागद वाचता यावा यासाठीही होते.

त्या वहिनींना आम्ही मदतीचा अर्ज लिहून दिला, पण गेलेले हक्क परत मिळवून देऊ शकलो नाही. मूळ वही पावसात भिजून गेली होती आणि साक्षीदार उरले नव्हते. ही खंत मनात आहे. मात्र त्यांचा धाकटा मुलगा आता गाणी रचतो. गेल्या बुद्धपौर्णिमेला तो आमच्या घरी आला आणि पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर काढून आमच्यापुढे ठेवले. पानांना क्रमांक घातलेले, प्रत्येक गाण्याखाली तारीख आणि सह्या. पहिल्या पानांवर त्याने वडिलांची जेवढी गाणी आईला तोंडपाठ होती तेवढी लिहून काढली होती आणि प्रत्येकाखाली त्यांचे पूर्ण नाव घातले होते.

"काका, एवढं तरी बरोबर केलं ना?" त्याने विचारले.

आम्ही रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हाती परत दिले आणि म्हणालो, "अगदी बरोबर. आता ह्याची झेरॉक्स काढून दुसऱ्या घरी ठेव."

जयभीम!